मिल्ड्रेड बेली : तबकडीने जपलेली एक गायिका

राजाचा इतिहास लिहायचा तर ताम्रपट असतात, बखरी असतात, दप्तरातली पत्रे असतात. गवयाचा इतिहास लिहायचा तर काय असते? तो गाऊन उठला की गाणे हवेत विरून जाते. तानसेनाचे नाव आपण चारशे वर्षे घेत आलो, पण तानसेनाचा षड्ज कसा लागत होता हे सांगणारा आज एकही माणूस नाही. सांगोवांगीच्या गोष्टी तेवढ्या उरल्या.

ध्वनिमुद्रणाची कला निघाली आणि गवयालाही दप्तर मिळाले. काळी, गोल, हातातून पडली की फुटणारी तबकडी. ही तबकडी लाखेची असे, आणि जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जात असे, बरं का! झाडावरच्या किड्याने तयार केलेली, आपल्या रानातल्या माणसांनी गोळा केलेली लाख बोटीने साता समुद्रांपलीकडे जाई आणि तिच्यावर परमुलखातल्या माणसांचे आवाज कोरले जात. तेव्हा आज ज्या गायिकेविषयी बोलायचे आहे ती दूर अमेरिकेची असली, तरी तिच्या तबकड्यांचे आणि आपले अगदीच नाते नाही असे समजू नका.

या गायिकेचे नाव मिल्ड्रेड बेली. जॅझ नावाच्या संगीतात १९२९ ते १९५१ या काळात त्या गायल्या. त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी नामवंत गायकांनी त्यांच्यापासून काही ना काही उचलले. पण आज जॅझच्या थोर गायिका कोण, असे विचारले तर लोक बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, एला फिट्झजेरल्ड अशी नावे घेतात. ती रास्तच आहेत. बेलीबाईंचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. असे का झाले, आणि तबकड्यांची साक्ष काढली तर हे विस्मरण योग्य ठरते का, हा आजचा विषय.

आधी जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांची कामाची गाणी, चर्चमधली भजने, ब्लूज नावाची दुःखाची गाणी आणि मिरवणुकीत वाजणारी पितळी वाद्ये यांच्या मिलाफातून विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत न्यू ऑर्लिन्स शहराच्या आसपास आकाराला आले. पुढे ते शिकागो, न्यूयॉर्क असे पसरले. आपल्या मुंबईतही १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. त्यांच्यासारख्यांचे ऐकून गोव्याच्या वादकांनी ही विद्या आत्मसात केली, आणि ती हिंदी चित्रपटांत आणली. १९५१ सालचा 'अलबेला' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांच्याबरोबर काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गोव्याचे. 'अलबेला'ची गाणी ऐकताना पाय आपोआप हलतो ना? त्या हलण्यामागे जॅझची लय आहे.

या लयीला अमेरिकेत 'स्विंग' म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ झोका. वाद्यांचा ठेका चार मात्रांचा, सरळ चालणारा. पण गाणारा शब्द नेमका मात्रेच्या डोक्यावर टाकीत नाही. कधी किंचित मागे रेंगाळतो, कधी किंचित आधी निसटतो, आणि हिशेब मात्र चुकू देत नाही. आपल्याकडे लावणी गाणारी कसबी बाई ढोलकीशी असाच लाडिक खेळ करते. हा खेळ ज्याला साधला तो जॅझ गायक. बेलीबाईंना तो कसा साधला होता, ते पुढे पाहूच.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९०० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टिकोआ या लहानशा गावी झाला. हा वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे. देशाच्या पार वायव्य कोपऱ्यातले हे राज्य, आणि टिकोआच्या भोवती नजर पोचेल तिथवर गव्हाची शेते. माहेरचे नाव मिल्ड्रेड रिंकर. वडील गोरे, हौसेने फिडल वाजविणारे. आई जोसेफिन ही कोर डलेन नावाच्या आदिवासी जमातीची. हे अमेरिकेचे मूळ रहिवासी. गोरे लोक येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगर-सरोवरांच्या मुलखात राहत आलेले. पुढे सरकारने त्यांना आयडाहो राज्यात एक राखीव प्रदेश नेमून दिला. त्यातल्या डिस्मेट गावाजवळ मिल्ड्रेडचे बालपण गेले.

घरात पियानो होता. रात्रीचे जेवण झाले की आई वाजवायला बसे, आणि मुलीला तिथेच पहिले धडे मिळाले. जमातीची गाणीही कानावर पडत. पुढे नावारूपाला आल्यावर बेलीबाईंनी स्वतः सांगितले आहे की, आदिवासींचे गाणे ही आवाजाची मोठी तालीम आहे. त्यात स्वर पुष्कळ आणि पल्ला मोठा. खालपासून वरपर्यंत फिरावे लागते, त्यामुळे आवाजातला खरखरीतपणा आणि जडपणा निघून जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या गाण्याचे मूळ कुठे होते, याचा पुढे मोठा घोळ व्हायचा होता.

मिल्ड्रेड तेरा-एक वर्षांची असताना कुटुंब स्पोकेन शहरी राहायला गेले. थोड्याच वर्षांत आई क्षयाने वारली. मुलगी पोटासाठी बाहेर पडली आणि सिॲटल शहरी एका दुकानात तिने नोकरी धरली. काम मोठे गमतीचे. त्या काळी नव्या गाण्यांची छापील स्वरलिपी विकत मिळे. गिऱ्हाईक आले की ते गाणे त्याला गाऊन दाखवायचे. रोज नवी गाणी, पहिल्याच भेटीत समोरच्याला आवडतील अशी म्हणायची. शब्द स्पष्ट पोचवायची तिची सवय या दुकानात पक्की झाली असेल, तर नवल नाही. पहिल्या लग्नातले 'बेली' हे आडनाव तिने पुढे कायम ठेवले. १९२०च्या सुमारास अमेरिकेत दारूबंदी आली. लॉस एंजेलिसमध्ये चोरून दारू विकणाऱ्या गुत्त्यांतून ती गाऊ लागली, नभोवाणीवरही गाऊ लागली.

१९२५ साली तिचा धाकटा भाऊ अल आणि त्याचा एक मित्र अशी दोन पोरे एका जुनाट मोटारीतून स्पोकेनहून निघाली ती थेट तिच्या दारात. या मित्राचे नाव बिंग क्रॉस्बी. पुढे हाच अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय गायक झाला. पण तेव्हा त्याला विचारतो कोण? मिल्ड्रेडने दोघांना घरात ठेवून घेतले, जेवूखाऊ घातले, ओळखी करून दिल्या, चांगल्या गायकांच्या तबकड्या ऐकवल्या. क्रॉस्बीने हे ऋण जन्मभर मानले. १९२६ साली दोघांना पॉल व्हाइटमन यांच्या प्रख्यात वाद्यवृंदात जागा मिळाली. मग पोरांनी बहिणीचे उपकार फेडले. १९२९ साली व्हाइटमन कॅलिफोर्नियात आले असता मिल्ड्रेडच्या घरी मेजवानीचा बेत झाला, तिला गायला लावले, आणि व्हाइटमननी तिला नोकरीवर घेतले. मोठ्या वाद्यवृंदात कायमची नेमणूक मिळालेली ही पहिलीच गायिका, असे जॅझचे इतिहासकार मानतात. तोवर वाद्यवृंदाबरोबर गाणे हे पुरुषांचे काम समजले जाई. पुढच्या दहा वर्षांत बहुतेक वाद्यवृंदांत गायिका दिसू लागली. वाट पाडणारी होती बेलीबाई.

इथे दोन शब्द मायक्रोफोनविषयी सांगायला हवेत, कारण त्यावाचून बेलीबाईंचे मोठेपण कळायचे नाही. आपल्याकडे नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पद पोचवावे लागे. साधन एकच, स्वतःची छाती. अमेरिकेतही तेच. १९२५पर्यंत तबकडी भरताना गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडून गात असे. बेसी स्मिथ यांचा आवाज असा दणदणीत होता, म्हणून कर्ण्यालाही तो पेलला. १९२५ साली विजेचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. मायक्रोफोन आला. नभोवाणी घराघरांत शिरली. आपले मुंबईचे केंद्रही २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, हे तुम्हांला ठाऊक असेलच. आता ओरडण्याची गरज उरली नाही. शेजारी बसून बोलावे तसे गाता येऊ लागले.

पण साधन हाती आले म्हणजे ते वापरता येतेच असे नाही. बेलीबाईंचा आवाज लहान, वरच्या पट्टीतला, पातळ आणि स्वच्छ. देह मात्र भारदस्त. या देहातून असा पाखरासारखा आवाज कसा निघतो, याचे ऐकणाऱ्यांना नवल वाटे. हा आवाज रंगभूमीवर हरवला असता. मायक्रोफोनपुढे मात्र त्याची प्रत्येक हालचाल टिपली जाई. शब्दाच्या शेवटी येणारा बारीक कंप, स्वर सोडतानाचा हलका निःश्वास, ओळ संपण्याआधी घेतलेली उसंत, सगळे कानाला कळे. बेलीबाईंनी हे ओळखले आणि या लहानपणालाच आपले बळ केले.

आता तबकड्यांकडे वळू. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे बसे. आपले ख्यालगायक तीन मिनिटांत कसे गावे या विवंचनेत असत. बेलीबाईंनी तीन मिनिटे म्हणजे एक छोटी गोष्ट सांगायची वेळ, असे धरले. १९२९च्या ऑक्टोबरात गिटारवादक एडी लँग यांच्या संचाबरोबर त्यांनी पहिली तबकडी भरली. १९३१ साली त्यांनी 'जॉर्जिया ऑन माय माइंड' हे गाणे गायले. १९६० साली रे चार्ल्स यांनी हेच गाणे गाऊन जगभर गाजविले, आणि १९७९ साली जॉर्जिया राज्याने ते आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले. आज हे गाणे म्हटले की रे चार्ल्स आठवतात. त्यांच्या आधी एकोणतीस वर्षे हे गाणे लोकांपर्यंत नेणाऱ्यांत बेलीबाई होत्या, हे कितीजणांच्या ध्यानी असते?

या गाण्याचे संगीतकार होगी कार्मायकेल. त्यांचेच 'रॉकिंग चेअर' हे गाणे बेलीबाईंनी १९३२ साली ध्वनिमुद्रित केले, १९३७ साली पुन्हा केले, आणि ते त्यांचे ओळखगीतच होऊन बसले. रॉकिंग चेअर म्हणजे झुलती खुर्ची. गाण्यात आहे एक म्हातारे माणूस. वयाने त्याला खुर्चीशी जखडून टाकले आहे. उठवत नाही. घरातल्या पोराला हाक मारून ते हवे-नको ते मागते, गेलेल्या नातलगांची आठवण काढते, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहत झुलत राहते. विषय असा की गळा काढायचा मोह कोणालाही व्हावा. बेलीबाई रडत नाहीत. म्हातारपणाचा थकवा त्या लयीत दाखवितात. शब्द ठेक्याच्या किंचित मागून येतो, जणू काही उठायला वेळ लागतो आहे. आणि खुर्चीचे झुलणे मात्र थांबत नाही. आवाज तरण्या बाईचा, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ऐंशी वर्षांचे माणूस. आपल्या घरातल्या आजोबा-आजींकडे पाहा, म्हणजे हे गाणे भाषा न कळताही समजेल.

त्यांच्या तबकड्यांत सर्वांत मोलाच्या कोणत्या, असे विचारले तर जाणकार ६ डिसेंबर १९३५ या दिवसाकडे बोट दाखवितात. त्या दिवशी जॉन हॅमंड या रसिक निर्मात्याने बेलीबाईंबरोबर चारच वादक बसविले. ट्रम्पेटवर बनी बेरिगन, सॅक्सोफोनवर जॉनी हॉजेस, पियानोवर टेडी विल्सन आणि बेस या मोठ्या तंतुवाद्यावर ग्रॅशन मंकर. ढोल नाही, झांज नाही. ठेका धरायला फक्त पियानो आणि बेस. अशा बैठकीत गायकाची लय कच्ची असेल तर लगेच उघडी पडते. बेलीबाईंनी चार गाणी गायली. तीन फॅट्स वॉलर या विनोदी, अष्टपैलू संगीतकाराची, आणि चौथे 'डाउनहार्टेड ब्लूज'.

हे चौथे गाणे बेसी स्मिथ यांनी १९२३ साली गायले होते, आणि ते घरोघर पोचले होते. एखाद्या थोर गायकाने गाजविलेली चीज दुसऱ्याने म्हणायची म्हणजे धाडसच. बहुतेक गायक अशा वेळी नक्कल तरी करतात, नाही तर मुद्दाम उलटे काहीतरी करतात. बेलीबाईंनी यातले काहीच केले नाही. बेसी स्मिथ यांच्या गाण्यात एक बाई भर चौकात उभी राहून आपले दुःख गावाला ऐकवते आहे. बेलीबाईंच्या गाण्यात तीच बाई स्वयंपाकघरात मैत्रिणीपाशी बोलते आहे. मध्येच हसते, मध्येच गप्प होते. दुःख तेवढेच, फक्त ते सांगायची जागा बदलली. सॅक्सोफोनचे सूर बाजूने येतात ते त्या मैत्रिणीने 'हं, मग?' म्हणावे तसे.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट घडत होती. बेरिगन गोरा. हॉजेस, विल्सन आणि मंकर कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकेत काळे आणि गोरे वादक जाहीर व्यासपीठावर सहसा एकत्र बसत नसत. रूढीच तशी होती. तबकडी भरायच्या खोलीत कोणी पाहत नसे, तिथे ते जमत. त्याच वर्षीची दुसरी हकीकत ऐका. बेलीबाईंचे लग्न १९३३ साली रेड नॉर्व्हो या झायलोफोनवादकाशी झाले होते. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स भागात त्यांचे घर. घरात सदा गाणारे-वाजविणारे लोक आणि पानावर बसणारे पाहुणे. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. १९३५च्या उन्हाळ्यात एका रात्री तिथे क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन आणि टेडी विल्सन एकत्र वाजवायला बसले. एक गोरा, एक काळा. घरातल्याच एका हौशी पाहुण्याने ताल धरला. मैफल अशी रंगली की १३ जुलैला त्यांनी ढोलवादक जीन क्रूपा यांना घेऊन तबकड्या भरल्या, आणि १९३६ साली शिकागोत हे त्रिकूट चक्क लोकांसमोर वाजवू लागले. वर्णभेदाच्या भिंतीला पडलेले हे मोठेच खिंडार होते. त्याचा आरंभ आदिवासी आईच्या पोटी जन्मलेल्या एका गायिकेच्या बैठकीच्या खोलीत झाला. पुस्तकांत गुडमन आणि विल्सन यांची नावे ठळक छापली जातात. घरच्या यजमानिणीचे नाव, आले तर जाता-जाता येते.

१९३६ ते १९३९ या काळात नवरा-बायकोचा वाद्यवृंद जोरात होता. लोक त्यांना 'मिस्टर अँड मिसेस स्विंग' म्हणत. यांच्या वाद्यवृंदासाठी स्वररचना करी एडी सॉटर हा तरुण, मोठ्या चमत्कारिक डोक्याचा संगीतकार. १९३७ सालच्या 'स्मोक ड्रीम्स' या तबकडीत त्याने आरंभीच वाद्यांचे सूर असे एकमेकांवर चढवून ठेवले आहेत की गाणाऱ्याला आपला षड्ज कुठे आहे तेच कळू नये. त्या गदारोळातून बेलीबाई नेमक्या स्वरावर अशा सहज येतात, की जणू दारातून आत पाऊल टाकले. ऐकणाऱ्याला त्यातली अवघड कामगिरी जाणवतही नाही. १९३८ साली त्यांची 'प्लीज बी काइंड' आणि 'सेज माय हार्ट' ही गाणी देशभर गाजली. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाबरोबरचे 'डार्न दॅट ड्रीम' १९४०मध्ये लोकांच्या ओठांवर होते.

माझ्या मते मात्र मार्च १९३९मधल्या तबकड्या याहूनही सरस आहेत. त्यांत पियानोवर मेरी लू विल्यम्स ही कृष्णवर्णीय विदुषी आहे. वादकांच्या पुरुषी जगात पियानोवर आणि संगीतरचनेवर हुकूमत गाजविणारी ही बाई. दोघी मिळून जुने ब्लूज गातात-वाजवतात. कुठे चढाओढ नाही. एकीने ओळ सोडली की दुसरी अलगद उचलते. जात्यावर बसलेल्या दोघी जणींची ओवी आठवावी, अशी ही देवघेव आहे.

आणि गावकरी मंडळींसाठी म्हणून एक नाव मुद्दाम सांगतो. १९४१ साली त्यांनी अलेक वाइल्डर यांचे 'इट्स सो पीसफुल इन द कंट्री' हे गाणे गायले. शहराच्या गजबजाटाला कंटाळून खेड्यातली शांतता आठवणारे हे गाणे. शहरी माणसाच्या खेड्याविषयीच्या गोष्टी आपल्याला पुष्कळदा खोट्या वाटतात, नाही का? या गाण्यात तसे होत नाही. गव्हाच्या शेतांत वाढलेली बाई ते गाते आहे.

१९४२पासून दिवस पालटले. युद्धामुळे लाखेची टंचाई झाली. त्यात वादकांच्या संघाने मानधनाच्या प्रश्नावरून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो १९४४पर्यंत चालला. बेलीबाईंचा संसारही याच सुमारास मोडला, तरी नॉर्व्होंशी त्यांचा स्नेह टिकला. १९४४-४५ साली सी.बी.एस. या नभोवाणी कंपनीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम चालला. नभोवाणीसाठीच घडलेला हा आवाज, तिथे तो सर्वांत खुलला. पण मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९४९ साली त्या रुग्णालयात पडल्या तेव्हा गाठीला पैसा नव्हता. संगीतकार जिमी व्हॅन ह्यूसन यांना कळले, आणि त्यांनी, फ्रँक सिनात्रांनी आणि बिंग क्रॉस्बींनी मिळून दवाखान्याचा खर्च उचलला. १२ डिसेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी बेलीबाई वारल्या. वय एक्कावन.

आता प्रश्न असा की लोक त्यांना विसरले का? कारणे शोधली तर चार-पाच सापडतात. पहिले, मरणाची वेळ. तीन मिनिटांच्या तबकडीऐवजी एका बाजूला वीस मिनिटे वाजणारी मोठी तबकडी १९४८ साली निघाली. एला फिट्झजेरल्ड यांच्यासारख्यांनी १९५६नंतर तिच्यावर गाण्यांचे संचच्या संच काढले. त्या वेळी बेलीबाई हयात नव्हत्या. दुसरे, त्यांची गाणी अनेक कंपन्यांत विखुरलेली. एकत्र मिळायची सोय नव्हती. तिसरे, चित्रपटसृष्टीला सडपातळ सुंदरी हवी होती. स्थूल देहाच्या बेलीबाईंना तिथे वाव मिळाला नाही. चौथे, बिली हॉलिडे यांच्या आयुष्याभोवती जशी करुण कथा उभी राहिली तशी यांच्याभोवती राहिली नाही. आणि लोकांना गाण्याआधी गोष्ट लागते.

पाचवे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इतिहास लिहिणाऱ्यांना खाने पाडायची सवय असते. जॅझचे दोन खाने पाडले गेले, काळ्यांचा आणि गोऱ्यांचा. बेलीबाई दोहोंतही बसत नव्हत्या. मग त्यांना गोऱ्यांच्या खान्यात टाकून दिले. पुस्तकामागून पुस्तकांत 'पहिली गोरी जॅझ गायिका' असा उल्लेख होत गेला. एकदा तसे म्हटले की पुढची पायरी ठरलेलीच. कृष्णवर्णीय गायिकांचे अनुकरण करणारी एक गोरी बाई, असा समज. त्यांनी बेसी स्मिथ आणि एथेल वॉटर्स यांच्यापासून शिकून घेतले होते, यात शंका नाही. पण आईचा पियानो, जमातीची गाणी, राखीव प्रदेशातले बालपण, हे सारे त्या एका शब्दाखाली गाडले गेले. स्वतः बाई सांगत होत्या की माझे शिक्षण तिथे झाले, तरी लिहिणाऱ्यांनी ते बाजूला ठेवले. शिक्षक-बंधुभगिनींनो, वर्गात इतिहास शिकवताना हे उदाहरण घेण्यासारखे आहे. एक चुकीचे लेबल लागले की ते एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत जाते, आणि मूळ माणूस दिसेनासा होतो.

सुदैवाने दप्तर शिल्लक होते. १९६२ साली कोलंबिया कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच काढला. १९९४ साली अमेरिकी टपालखात्याने जॅझ आणि ब्लूज गायकांची आठ तिकिटे काढली. त्यांत बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे यांच्या पंक्तीला मिल्ड्रेड बेली यांचेही चित्र होते. २००० साली मोझेक या कंपनीने त्यांचे कोलंबियाकडचे सर्व गाणे दहा सीडींत एकत्र आणले. गायक टोनी बेनेट यांनी तर वेळोवेळी सांगितले की तरुणपणी मी याच बाईंच्या तबकड्या ऐकून घडलो. आणि २०१२ साली कोर डलेन जमातीने आयडाहोच्या विधिमंडळात एक ठराव मांडला. ही आमची लेक आहे, तिचे मूळ मान्य करा आणि न्यूयॉर्कच्या जॅझ सन्मानदालनात तिला जागा द्या, अशी त्यांची मागणी. मरणानंतर साठ वर्षांनी माहेर तिच्यासाठी उभे राहिले.

आता हे गाणे ऐकायचे कसे? पूर्वी अशा तबकड्या मिळणे दुरापास्त होते. आज खेड्यातल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवरही त्या सापडतात. माझी सूचना अशी. पहिल्या खेपेला शब्दांच्या अर्थामागे लागू नका. नुसता आवाज ऐका. दुसऱ्या खेपेला बोटाने ठेका धरा, आणि शब्द ठेक्याच्या कुठे पडतो ते पाहा. बोट आणि शब्द यांत एक बारीक फट राहते, तिथे या बाईंची सगळी करामत आहे. तिसऱ्या खेपेला मागची वाद्ये ऐका.

शाळेत करायचे असेल तर दोन जोड्या लावा. 'डाउनहार्टेड ब्लूज' आधी बेसी स्मिथ यांच्या तोंडून, मग बेलीबाईंच्या. 'जॉर्जिया' आधी १९३१चे, मग रे चार्ल्स यांचे १९६०चे. मुलांना काही सांगू नका. फक्त विचारा, 'काय वेगळे वाटले?' मुले जी उत्तरे देतील ती फळ्यावर लिहा. पुस्तकात काय छापले आहे ते नंतर वाचून दाखवा, आणि मुलांनी कानाने टिपलेले त्याच्याशी ताडून पाहा. शिलालेख वाचून इतिहास पारखतात तो हाच अभ्यास. फक्त इथे दगडाच्या जागी लाखेची तबकडी आहे.

सुरुवात कुठल्या गाण्यापासून करावी, असे कोणी विचारील तर मी 'रॉकिंग चेअर' सांगेन. रात्रीची निजानीज झाली, गोठ्यातली जनावरे बसली, की मग लावा. तीन मिनिटे लागतात.